तुघलकाबादच्या संकुलातील ट्रॅप प्रशिक्षण वर्ग

1982च्या आशियाई स्पर्धांसाठी दिल्लीत तुघलकाबाद येथे उभारलेल्या डॉ. कर्णी सिंग नेमबाजी संकुलात एका खासगी प्रशिक्षकाचा ट्रॅपचा, म्हणजे यंत्राने हवेत उडवलेल्या तबकड्या छर्‍यांच्या बंदुकीने टिपण्याचा, वर्ग मी पूर्ण केला. ऑलिंपिक ट्रॅपमध्ये खंदकातील 15 यंत्रे पाच स्थानांसमोर तीन-तीन अशी मांडलेली असतात आणि आपल्यासमोरच्या तीनपैकी कोणत्या यंत्रातून तबकडी सुटणार हे नेमबाजाला ठाऊक नसते. त्यामुळे अंदाज बांधण्यापेक्षा प्रत्येक बाराआधीची तयारी तंतोतंत सारखी ठेवणे हाच सातत्याचा पाया, हे या वर्गात पक्के बिंबवले जाते.

पाय कुठे ठेवायचे, नळी खंदकाच्या छतावरील खुणेशी कशी धरायची, नजर नळीवर न ठेवता पलीकडे मोकळी कशी सोडायची, हे काडतूस भरण्यापूर्वीच घोटून घेतले. गाल दस्त्यावरून उचलला गेला की छर्रे तबकडीच्या वरून जातात आणि बार काढताना बंदूक थबकली की मागे पडतात. प्रशिक्षक नेमबाजाच्या मागे उभे राहून छर्‍यांचा मार्ग पाहतात व चूक लगेच सांगतात, ही या वर्गाची सर्वांत मोलाची बाजू वाटली. वळण हातांनी नव्हे, कमरेतून घ्यायचे, हे अंगवळणी पडायला मात्र फार वेळ लागतो.

उणीव एवढीच की तुकडी मोठी होती आणि पहिला बार चुकल्यावर त्याच तबकडीवर काढायच्या दुसर्‍या बाराच्या सरावाला जवळजवळ वेळच उरला नाही. काडतुसांचा खर्च शुल्कात धरलेला नसल्याने नाव नोंदवतानाच तो विचारून घ्यावा.