लायनर घ्यायचेत, पण कुठले? सिंथेटिक, मेरिनो, बोटांचे की आईचे अंगठावाले

लायनर म्हणजे ट्रेकला फोड येऊ नयेत म्हणून जाड मोज्याच्या आत घालायचा पातळ मोजा. आधी हे बघा की तुम्हाला फोड येतो कुठे. टाचेला येत असेल तर वेगळं, बोटांच्या मधे येत असेल तर वेगळं, आणि बूटच लहान असेल तर लायनर घेऊन उलट जास्त चावणार, कारण तो कितीही पातळ असला तरी जागा खातोच.

लायनरचं काम एवढंच की घासाघीस कातडीवर न होता दोन मोज्यांच्या मधे व्हावी. ओली कातडी मोज्याला चिकटून बसते, आतलं हाड मात्र दर पावलाला पुढेमागे होतं, त्या ओढाताणीत कातडीचे थर सुटतात आणि मधे पाणी भरतं. म्हणून आतला मोजा गुळगुळीत आणि पायाला घट्ट हवा, एक सुरकुती राहिली तरी संपलं.

मी हे कात्रज ते सिंहगड नाईट ट्रेकला शिकलो. एकावर एक दोन कॉटनचे मोजे घातले, म्हटलं डबल गादी. टेकड्या संपेनात, मोजे घामाने चिंब, आणि टॉर्चच्या उजेडात बूट काढला तर पांढऱ्या पडलेल्या कातडीवर मोज्याच्या रेघा उमटलेल्या आणि टाचेवर रुपयाएवढा फोड. कॉटन पाणी पितं आणि धरून ठेवतं, त्यामुळे लायनर म्हणून कॉटन नकोच.

सिंथेटिक म्हणजे पॉलिस्टर किंवा पॉलीप्रॉपिलीन. पाणी जवळजवळ शोषत नाही, घाम बाहेरच्या जाड मोज्याकडे ढकलतं, धुऊन सॅकला अडकवलं की चालता चालता वाळतं. वास मात्र भयंकर, गुहेत मुक्काम असेल तर मित्र मोजे बाहेर ठेवायला लावतात. सह्याद्रीतल्या एका दिवसाच्या ट्रेकला, राजगड-तोरणासारख्या लांब चालीलासुद्धा, मी हेच घेईन.

मेरिनो लोकर मऊ, वास फारसा धरत नाही, जरा ओली असली तरी थंड लागत नाही, म्हणून हिमालयात पाच-सहा दिवस चालायचं असेल तर पैसे वसूल. आपल्याकडच्या घामट हवेत वाळायला वेळ लावते आणि पातळ लायनर असल्याने अंगठ्याचं नख वाढलेलं असेल तर लवकर भोक पडतं, मग एवढे महाग मोजे बघून जीव जळतो.

बोटांचे मोजे, म्हणजे प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेले, इंजिंजी कंपनीचे वगैरे, दिसायला माकडाच्या पायासारखे. पण बोटांमधे फोड येणाऱ्याला यांच्यासारखं दुसरं काही नाही, कारण बोटाला बोट लागतच नाही. घालायला वेळ लागतो, करंगळी तर आपलं घर शोधतच बसते. पुढून निमुळत्या बुटात मात्र बोटं दाटतात.

आता आईचे अंगठावाले, ते चपलेवर घालायचे स्किन कलरचे नायलॉन. हसू नका, पातळ आणि गुळगुळीत असतात आणि किंमत किरकोळ. टाचेला आकार नसल्याने उतारावर सरकतात आणि इलॅस्टिक करकचून बसतं, पण लायनर आपल्याला मानवतो का हे बघायला एखाद्या टेकडीवर घालून जा की, नाही जमले तर गेले चार पैसे.

पावसाळ्यात बूट एकदा ओढ्यात भरला की यातलं काहीच फार उपयोगी नाही, तिथे पिशवीत गुंडाळलेला कोरडा जोड बरा. बूट घ्यायला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि दोन्ही मोजे घालूनच ट्राय करा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. ट्रेकमधे टाच चुरचुरायला लागली की तिथेच थांबून मायक्रोपोरची चिकटपट्टी लावा, "पुढच्या टप्प्यावर बघू" म्हणून मी थांबलो नव्हतो आणि नंतर दोन दिवस ऑफिसला चपलेत गेलो.