जिंतूर रोडवर ‘हेजिरा’

मी बी-बियाणं, खतं विकणाऱ्या कंपनीचा माणूस. परभणी, जिंतूर, सेनगाव हा ठरलेला फेरा, गाडीत एकटाच. भाच्यानं पेनड्राइव्हवर जोनी मिचेल या गायिकेचा ‘हेजिरा’ हा अल्बम टाकून दिला. पहिले दोन दिवस काही केल्या कान लागेना. धृपद नाही, ठेका नाही, बाई आपली बोलल्यासारखी गात सुटते.

नाव तेवढं ओळखीचं वाटलं. आजोबांच्या शेताचे निजामाच्या वेळचे उर्दू कागद घरात आहेत, त्यांवर फसलीशेजारी हिजरी सनही आहे. तोच हा शब्द, घर सोडून निघण्याचा. ही कॅनडाची बाई १९७६ साली अमेरिकेच्या मेन राज्यातून लॉस एंजेलिसपर्यंत एकटी गाडी हाकत गेली, त्या वाटेवर यातली बरीच गाणी झाली.

गोडी लागली ती रात्री घरी हेडफोनवर. माझ्या गाडीच्या स्पीकरांतून बेस गायबच होता आणि अल्बमचा अर्धा जीव तिथं. जॅको पास्टोरियसच्या बेस गिटारला पडदेच नाहीत, सरोदला नसतात तसे. तो मींड घेत सुरावरून सुरावर घसरतो, बाईची ओळ संपायच्या आत आपलं म्हणणं मांडून मोकळा. आमच्या भजनातला पेटीवालाही असाच, बुवांना श्वास घेऊ देत नाही. नऊपैकी चारच गाण्यांत जॅको आहे हे कळल्यावर हळहळलो. ‘कोयोट’ आणि ‘रेफ्यूज ऑफ द रोड्स’ तरी हेडफोन लावूनच ऐका.

‘अमेलिया’ मात्र गाडीतही चालतं, त्यात बेसच नाही. १९३७ साली पॅसिफिकवर विमानासकट नाहीशी झालेल्या वैमानिक अमेलिया इअरहार्टशी ही बोलते. लॅरी कार्लटनची गिटार, मागं जलतरंगासारखा व्हायब्राफोन. लहानपणीच्या पोलिओनं जोनीचा डावा हात अधू राहिला, म्हणून गिटारच्या तारा ती वेगळ्याच सुरांत लावते. कॉलेजातली गिटार काढून दोन संध्याकाळी झटलो, एक कॉर्ड जागेवर सापडेल तर शपथ.

‘साँग फॉर शॅरन’ मला जड गेलं. साडेआठ मिनिटं एकाच चालीवर कडव्यामागून कडवं. मेंडोलिन घ्यायला निघालेली बाई दुकानातला लग्नाचा पोशाख बघून थबकते, हे चौथ्यांदा ऐकल्यावर उमगलं. ‘ब्लू मोटेल रूम’ नसतं तरी चाललं असतं.

परवा बायको सोबत होती. जिंतूर सोडताना लावलं. येलदरी धरण येईस्तोवर ती गप्प, मग म्हणाली, “अहो, हिचं गाणं सुरू कधी होणार?”

तिसरं चालू होतं.