साडेसात हजार भरले, नोकरी अकरा दिवस टिकली

आमचे हे २०१९ला सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. सीमेवरच्या गोळीबारानंतर झोप उडाली ती उडालीच. कुकरची शिट्टी झाली तरी भिंतीला पाठ लावून उभे राहतात. एका खासगी प्लेसमेंटवाल्यांनी नोंदणी आणि गणवेशाचे म्हणून ७,५०० रुपये घेतले आणि मॉलच्या गेटवर रात्रपाळी दिली. रात्रपाळी नको, हे मी फॉर्मवर लिहून दिलं होतं! पैसे परत नाहीतच. मला फार राग आहे याचा.

ईसीएचएसला, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेला, आम्ही एकदाच ३०,००० भरलेत. मानसोपचाराच्या गोळ्या त्यातूनच मिळतात, फक्त प्रत्येक खेपेला अर्धा दिवस आणि एसटीचं भाडं जातं. नोकरीसाठी आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, आमच्याकडून तिथे एक रुपयाही घेतला नाही.