"वॉर डॅमेज आहे सर, तसंच दिसणार"

डायोरामासाठी, म्हणजे छोट्या मॉडेलांनी उभ्या केलेल्या देखाव्यासाठी, तयार पडकी घरं विकणाऱ्या एकाने मला साडेसहा हजारांना बुडवलं. नाव देत नाही. तक्रार चालू आहे, आणि तो नाव बदलत राहतो, त्यामुळे देऊन उपयोगही नाही. त्याची पद्धत मात्र सांगतो.

हा धंदा लबाडाला फार सोयीचा आहे. रणगाड्याचं मॉडेल तुटून आलं तर ते शेंबडं पोरही सांगेल. पण मागवलंच पडकं घर, तर भिंत पडली म्हणून भांडायचं कसं?

मला हवं होतं इटलीतलं शेतघर, सेनिओ नदीकाठचं. 9 एप्रिल 1945 रोजी मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी तिथे जखमी साथीदारांना गोळीबारातून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून बाहेर नेलं, मग परत जाऊन शत्रूच्या मशीनगनची ठाणी मोडली. त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 1:35 मापाचे, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचे, सैनिक रंगवून तयार होते, नदीचा उंच बांध मी एक्सपीएस फोममधून (घट्ट, सहज कापता येणारा फोम) कापला होता. घर बांधायला सवड नव्हती, म्हणून विकत घ्यायचं ठरवलं.

विक्रेत्याच्या फोटोतलं घर अफलातून होतं. दुमजली, कौलं उडालेली, तुळया जळून काळ्या, गोळा बसला तिथला गिलावा गळून विटा उघड्या पडलेल्या, खिडक्यांच्या वर काजळी. आणि ढिगारा! आपल्या मॉडेल करणाऱ्यांतले बरेच जण भिंतीला हे एवढं भगदाड पाडतात आणि खाली चिमूटभर चुरा टाकतात. मग बाकीच्या विटा गेल्या कुठे? इथे भगदाडाएवढाच ढीग होता, त्यात कौलं, तुळयांचे तुकडे, एक वाकलेली लोखंडी खाट. करणारा जाणकार होता, यात शंका नाही. फक्त तो आणि विकणारा एक नव्हते.

"डेंटल प्लास्टरचं कास्टिंग, 1:35, हाताने रंगवलेलं." म्हणजे कडक प्लास्टर साच्यात ओतून केलेलं. अर्धे पैसे आधी. मग "पॅक झालंय सर, बाकीचे टाका, आजच कुरियर करतो."

खोक्यातून निघाला थर्माकोल, वर पीओपीचा पातळ लेप. विटा म्हणजे पेनने ओढलेल्या रेघा. लेप नसलेल्या जागी थेट स्प्रे पेंट मारलेला, त्यातल्या सॉल्व्हंटने थर्माकोल विरघळून खड्डे पडलेले. या खड्ड्यांना तो शेलचे, म्हणजे तोफगोळ्याचे, खड्डे म्हणत होता! शेलच्या माऱ्याने गिलाव्याचे टवके उडतात, कडा धारदार राहतात, भोवती तडे जातात. वितळलेला खड्डा गुळगुळीत असतो, कडा आत ओढल्यासारख्या. एकदा पाहिलं की पुन्हा गोंधळ होत नाही.

दार मोजलं तर 42 मिलिमीटर. दोन मीटरचं दार 1:35 मध्ये साधारण 57 मिलिमीटरचं हवं. 42 म्हणजे 1:48. माझे शिपाई 50 मिलिमीटरचे, त्यांना स्वतःच्याच घरात वाकून शिरावं लागलं असतं.

एक भिंत चार तुकड्यांत आली होती. फोन केला तर उत्तर, "वॉर डॅमेज आहे सर, तसंच दिसणार." तुटलेली कड पांढरीशुभ्र होती. मुद्दाम पाडलेल्या कडेवर रंग, धूळ, काजळी चढवलेली असते. शिवाय चारही तुकडे एकमेकांत चपखल बसत होते. हे सगळं सांगितल्यावर तो एकदम नरमला, पैसे परत देतो म्हणाला आणि क्यूआर कोड पाठवला. "स्कॅन करा, पिन टाका, लगेच जमा होतील." खरी मेख ही होती. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच. मी स्कॅन करत नाही म्हटल्यावर ब्लॉक.

इंटरनेटवर फोटोवरून फोटो शोधला (रिव्हर्स इमेज सर्च) तेव्हा मूळ सापडला, एका परदेशी मॉडेलरचा. त्यात कोपऱ्यात शर्मन रणगाडा होता, इथे तो कापून टाकलेला. हा शोध पैसे देण्याआधी घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. दारापाशी फूटपट्टी धरलेला ताजा व्हिडिओ मागा, घर उलटं करून तळ आणि भिंतींची मागची बाजू दाखवायला सांगा. चोरलेल्या फोटोला मागची बाजू नसते. खोकं फोडताना चित्रीकरण करा. आणि फसलातच तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढे सरकण्याआधी अडकवता येण्याची शक्यता जास्त.

पोलीस ठाण्यातही गेलो. पडकं घर विकत घेतलं आणि ते पडकं निघालं, ही तक्रार हवालदारसाहेबांना समजावून सांगताना माझीच दमछाक झाली. पण लिहून घेतली त्यांनी.

सध्या तसल्याच विरघळलेल्या भिंती नव्या नावाच्या खात्यावर "स्टालिनग्राडची गिरणी" म्हणून विकायला आहेत. व्होल्गोग्राडमधली (म्हणजे तेव्हाच्या स्टालिनग्राडमधली) खरी गिरणी लाल विटांची आहे, युद्धाची खूण म्हणून पडकीच जपून ठेवलेली. ही करड्या गिलाव्याची आहे. माप 1:35 लिहिलंय, आणि एकाही फोटोत दारापुढे सैनिक उभा केलेला नाही.