‘झाडांना शून्य अपाय’ म्हणून विकलेलं तणनाशक: 11,900 रुपये आणि नऊ फुलझाडं गेली

फुलझाडांच्या मुळाशी वाढलेलं तण फवारून मरेल आणि झाडाला काही होणार नाही, असं कुणी दारात येऊन सांगत असेल तर त्याला फाटकाच्या आत घेऊ नका. बाकीचं वाचायला वेळ नसेल तर एवढं लक्षात ठेवा.

आमची बाग तळेगावची. बंगल्याच्या तिन्ही बाजूंनी जास्वंद, मोगरा, तगर, गुलाब, एक्झोरा आणि पुढच्या कोपऱ्यात सासूबाईंनी लावलेला अनंत. पहिला पाऊस झाला की घोळ, केना, गाजर गवत आणि लव्हाळा असा काही माजतो की झाडांची आळी दिसेनाशी होतात. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मला उकिडवं बसता येत नाही, आणि पावसाळ्यात खुरपणीला माणूस मिळत नाही, कारण सगळे भातलावणीला जातात. ‘हातानं उपटायला काय झालं होतं’ असं मला आतापर्यंत पुष्कळांनी ऐकवलं. त्यांनी आमच्या वयात, भर पावसात लव्हाळा उपटून दाखवावा.

टेम्पोतून दारोदार औषधं विकत फिरणाऱ्यांची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. शेजारच्या गल्लीत काम चालू आहे म्हणायचं, कार्ड द्यायचं, दर आजपुरताच आहे म्हणायचं. आमच्या दारात आलेल्याकडे ‘सेंद्रिय तणमुक्ती’चे कॅन होते. पाच लिटरचा एक कॅन 2,400 रुपयांना, असे दोन, म्हणजे 4,800. फवारणीची मजुरी 1,800. वर ‘मूळरक्षक’ नावाची चुन्यासारखी पांढरी पावडर, 350 रुपयांचं एक पाकीट, अशी सहा, म्हणजे 2,100. ही पावडर आळ्यात ओतली की झाडाची मुळं बंद होतात आणि औषध आत शिरत नाही, असं त्यानं सांगितलं. एकूण 8,700 रुपये मी फोनवरून पाठवले. बिल मागितलं तर वहीचा कागद फाडून दिला. त्यावर ना पत्ता, ना जीएसटी क्रमांक, ना परवाना क्रमांक.

कॅनवर हिरव्या पानाचं चित्र होतं आणि ‘100% सेंद्रिय’ असं छापलेलं. मी विचारलं होतं, हे मुद्दाम लिहिते, मी विचारलं होतं, की औषधांच्या बाटलीवर तो रंगीत त्रिकोण असतो तो कुठे आहे? तो म्हणाला, “काकू, त्रिकोण विषावर असतो. ह्यात विषच नाही. लहान मूल प्यायलं तरी काही होणार नाही.” हे साफ खोटं आहे. आपल्याकडे नोंदणी झालेल्या प्रत्येक कीटकनाशकावर आणि तणनाशकावर त्रिकोण लागतोच. अतिजहाल असेल तर लाल, मग पिवळा, मग निळा आणि सगळ्यात सौम्य असेल तर हिरवा. त्रिकोण नाही, नोंदणी क्रमांक नाही, बॅच नाही, मुदत नाही, याचा अर्थ आत काय भरलंय ते कुणालाच माहीत नाही.

आणि मग तो क्षण, जो आठवला की अजून रात्री झोप उडते. लहान मूल प्यायलं तरी चालेल म्हणणाऱ्या त्या माणसानं पंप पाठीला लावण्याआधी नाकातोंडाला रुमाल बांधला, रबरी हातमोजे चढवले आणि मला सांगितलं, “कुत्रं आत घ्या, दोन दिवस बाहेर सोडू नका.” मी कुत्रं आत घेतलं. खिडक्यासुद्धा मीच लावल्या. ओट्यावर उभी राहून बघत होते आणि फिनेलसारखा उग्र वास येत होता. तिथंच पंप खाली ठेवायला लावायला हवा होता. पण आपल्याकडे माणूस शेणखत पसरतानाही तोंडाला रुमाल बांधतो. साध्या माणसाला त्यात वावगं कसं वाटावं? माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवला हा गुन्हा माझा नाही, त्याचा आहे.

दोनच दिवसांत जास्वंदीचे कोवळे शेंडे पिळल्यासारखे खाली वळले. गुलाबाची पानं वाटीसारखी आत वळली. फोन केला तर म्हणाला, झाडाला ‘झटका’ बसलाय, टॉनिक द्यावं लागेल. ते 3,200 रुपयांचं. घाबरून तेही घेतलं. असे झाले 11,900. पुढच्या पंधरवड्यात पानं पिवळी पडून गळू लागली आणि त्याचा फोन कायमचा बंद झाला. चौदापैकी नऊ झाडं वाळली. अनंतही गेला. बारा वर्षांचा होता. लव्हाळा मात्र परत उगवला, कारण त्याच्या गाठी जमिनीत खोल असतात.

कृषी पदवीधर असलेल्या भाच्यानं शेंडे बघून सांगितलं की अशी पिळवट टू-फोर-डीच्या जातीच्या तणनाशकानं येते, आणि नंतरचं पिवळेपण बघता त्यात ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशकही मिसळलेलं असावं. टू-फोर-डी रुंद पानांच्या तणावर चालतं, गवतवर्गाच्या पिकाला सोडतं. म्हणून ते गहू-उसात वापरतात. पण जास्वंद, गुलाब, मोगरा ही सगळी रुंद पानांचीच झाडं. जे फवारलेलं औषध रुंद पानांचं गाजर गवत मारेल ते जास्वंदीला ओळख दाखवून सोडणार नाही. ग्लायफोसेट तर हिरवं काहीच सोडत नाही. ते पानातून, कोवळ्या हिरव्या सालीतून शिरतं आणि तिथून मुळांपर्यंत उतरतं. मग मुळांवर पावडर टाकून कसलं रक्षण? ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर फक्त कीड नियंत्रण चालकांमार्फत, म्हणजे परवानाधारक फवारणीवाल्यांमार्फत, करावा असं सांगितलं. आणि इथे ते बिनलेबलाच्या कॅनमधून घरोघरी विकलं जात असेल तर विचारायचं कुणाला?

विचारायला गेले. कृषी कार्यालयात सांगितलं, “ही शेती नाही, घरची बाग आहे, आमच्याकडे येत नाही.” नगरपरिषदेत म्हणाले, औषधं कृषी खात्याकडे. पोलीस ठाण्यात म्हणाले, “तुम्ही स्वखुशीनं पैसे दिले, माल मिळाला, हा दिवाणी मामला.” सायबर तक्रारीसाठी 1930 ला लावला तर तिथेही तेच, माल मिळाला ना? पुन्हा कृषी कार्यालयात गेले, तर कॅनचं सील फुटलेलं असल्यामुळे नमुना घेता येत नाही म्हणे. अहो, सील फोडल्याशिवाय फवारणार कसं? कीटकनाशक कायदा 1968 चा आहे, त्यात तणनाशकंही येतात, आणि विनापरवाना विक्री हा गुन्हा आहे, मग फवारणी उसावर होवो की अनंतावर. हे मी छापील कागद पुढे ठेवून वाचून दाखवलं. समोरच्या साहेबांनी कागद न बघताच परत सरकवला आणि “मॅडम, नऊ झाडांसाठी कशाला एवढं” असं म्हणाले. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर मेले, तेव्हा केवढ्या घोषणा झाल्या होत्या. तो टेम्पो आजही कुठल्या तरी गल्लीत उभा असेल, आणि तिथल्या अंगणात लहान मुलं असतील. झाडं नऊच असली तरी ते विष कुणाच्या पोटात जाईपर्यंत थांबायचं का?

आता ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, दोन वर्षांची मुदत असते, वकील लागतोच असं नाही. कॅन, वहीचा कागद, पैसे पाठवल्याची नोंद, झाडांचे तारखेसह फोटो, सगळं जपून ठेवा. मी टॉनिकची बाटली फेकली, तुम्ही फेकू नका. टेम्पोच्या नंबरचा फोटो आधी काढा, पैसे नंतर.

तणाचं म्हणाल तर पाऊस उघडल्यावर माती भुसभुशीत असताना, तण फुलोऱ्यात यायच्या आत काढायचं, खुरप्यानं, वरवर. झाडाची बारीक मुळं वरच असतात, कुदळ घालू नका. मग जुना पुठ्ठा ओला करून अंथरायचा आणि त्यावर दोन-तीन इंच पालापाचोळा किंवा पाचट, खोडापासून चार बोटं लांब. खोडाला टेकवलं तर साल कुजते. मीठ टाका म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, माती बिघडते. लव्हाळा गाठीसकट निघाला तरच निघाला. एकदा तणनाशक भरलेला पंप कितीही धुतला तरी पुन्हा फुलझाडांवर वापरायचा नाही.

ज्यांच्याकडे आजच फवारून गेलेत त्यांनी वाट न बघता पाइपनं पानं भरपूर धुवून काढा. पहिल्या तासातच काय तो उपयोग होतो. नंतर खत, टॉनिक काही घालू नका. पिळलेले शेंडे छाटा, पण ती छाटणी कंपोस्टमध्ये टाकू नका आणि दुसऱ्या आळ्यातही अंथरू नका. आमची जी पाच झाडं वाचली त्यांतल्या गुलाबाला अजून सुईसारखी बारीक पानं झुबक्यानं येताहेत. भाचा म्हणतो की एक पावसाळा तरी थांबा, लगेच उपटू नका.