विमानतळावर गाळा कसा मिळवायचा: दादरच्या एक दिवसाच्या वर्कशॉपबद्दल

ज्यांचा छोटा धंदा आहे, चिवडा लाडू असो, सावंतवाडीची खेळणी असो नाहीतर पैठणीच्या पर्स, आणि ज्यांना कधी ना कधी वाटलंय की आपला माल एअरपोर्टवर दिसायला हवा, त्यांच्यासाठी लिहितेय. दादर वेस्टला एका हॉलमध्ये रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत हे वर्कशॉप होतं, फी १,८०० रुपये, चहा नाश्ता जेवण धरून. घेणाऱ्यांचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि पुढच्या बॅचला ते त्या सुधारतील असं मला मनापासून वाटतं. मी आणि माझी जाऊ दोघी गेलो होतो, आमचं लालबागला मसाले आणि फराळाचं काम आहे.

आधीच सांगते, पैसे वसूल. टेंडर कसं भरायचं हे तर शिकवलंच पण टेंडर कधी भरायचं नाही यावर सरांनी सगळ्यात जास्त वेळ घातला आणि मला तेच सगळ्यात आवडलं. सर आधी एका विमानतळाच्या कमर्शियल डिपार्टमेंटला होते त्यामुळे समोरचा माणूस कसा विचार करतो ते त्यांना आतून माहिती आहे.

पहिला तास फक्त एका हिशोबावर. विमानतळावर भाडं आपल्या गाळ्यासारखं नसतं, तिथे एमएमजी असतो म्हणजे महिन्याची किमान हमी रक्कम, आणि सोबत विक्रीतला टक्का, दोन्हीपैकी जे जास्त होईल ते द्यायचं. सरांनी बोर्डवर मांडलं, समजा छोटा किऑस्क म्हणजे टपरीएवढा स्टॉल आहे, हमी ३ लाख आणि टक्का २५. मग विचारलं, महिन्याला किती विकलं की हे दोन्ही आकडे जुळतात? १२ लाख. म्हणजे रोजचे ४० हजार. एका गिऱ्हाइकाचं बिल २५० धरलं तर रोज १६० बिलं, वीस तास दुकान उघडं ठेवलं तर दर तासाला ८ बिलं, आणि हे पहाटे ३ वाजता सुद्धा. विक्री ६ लाखांवर अडकली तर हमीचे ३ लाख द्यावेच लागतात म्हणजे निम्मा गल्ला भाड्यात. वर लायसन्स फीवर म्हणजे या भाड्यावर १८ टक्के जीएसटी, लाईटबिल, कॉमन एरियाचा खर्च, आणि सुरुवातीला काही महिन्यांचं डिपॉझिट अडकून पडतं ते वेगळंच. हॉलमध्ये एकदम शांतता. माझ्या शेजारी बसलेल्या ताईंनी तिथल्या तिथे मोबाईल काढून आपल्या कोकम सरबताचे आकडे घातले आणि सरांना दाखवले, सरांनी पण घाई न करता त्यांचा खर्च ओळीने तपासून दिला. असं कुणी करत नाही हो, बहुतेक ठिकाणी आधी स्वप्न विकतात.

भाडं एवढं का असतं तेही नीट समजावलं. मुंबई एअरपोर्ट २००६ पासून खासगी कंपनीकडे आहे, २०२१ पासून अदानी ग्रुपकडे, एअरपोर्ट ऑथॉरिटीचा म्हणजे एएआयचा हिस्सा २६ टक्के. करारानुसार मुंबईच्या उत्पन्नातले ३८.७ टक्के एएआयला द्यायचे असतात. म्हणजे जागा देणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्यावरच मोठा वाटा बसलेला आहे, तो प्रत्येक चौरस फुटातून काढणारच. आणि गर्दी पण तशीच आहे, २०२४-२५ मध्ये साडेपाच कोटी प्रवासी. यातून एक महत्त्वाचं कळलं की एएआयच्या टेंडरच्या साइटवर मुंबईचे गाळे शोधत बसण्यात अर्थ नाही, ते तिथे नसतात, मुंबईसाठी ऑपरेटरच्या म्हणजे एअरपोर्ट चालवणाऱ्या कंपनीच्या कमर्शियल टीमकडेच जावं लागतं. नवी मुंबईचं पण तेच, ते २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झालं, पहिल्या टप्प्यात वर्षाला २ कोटी प्रवाशांची क्षमता आहे आणि तिथेही अदानी आणि सिडको.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या तोंडी असते की छोट्या उद्योगांना सरकारी २५ टक्के राखीव आहेत. आहेत, २०१२ चं धोरण आहे, त्यात ४ टक्के एससी एसटी उद्योजकांना आणि ३ टक्के महिलांना. पण ते सरकारी खात्यांनी आणि कंपन्यांनी माल आणि सेवा खरेदी करण्यासाठी आहे. जागा भाड्याने देणं ही खरेदी नाही, आणि खासगी ऑपरेटरला तर ते लागूच नाही. हे सरांनी ठणकावून सांगितलं ते बरं झालं, कारण याच २५ टक्क्यांच्या नावाखाली एजंट लोक पैसे घेतात.

आता मालाचं. आमच्या पिशवीत मसाल्याची पाकिटं, लाडू आणि चिवडा असं सॅम्पल होतं. सरांनी लाल तिखटाचं पाकीट उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, ताई, तिखट केबिन बॅगेत नेऊ देत नाहीत, आतमध्ये दुकान लावून हे कोणाला विकणार? मग चिवड्याचं पाकीट हातात घेऊन फिरवून फिरवून बघितलं, मागची तारीख, वजन, सील, एमआरपी. आणि इथे एक मुद्दा सांगितला जो मला कुठेच कुणी सांगितला नव्हता. १ जानेवारी २०१८ पासून एकाच पाकिटावर दोन वेगवेगळ्या एमआरपी छापता येत नाहीत. म्हणजे जो चिवडा लालबागला ८० ला आहे तोच, तेवढाच, त्याच पाकिटात एअरपोर्टवर १६० छापून विकायचा तर ते चालत नाही. वर एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाहीच. मग एवढं भाडं कुठून काढायचं? त्यासाठी माल वेगळा करायचा, दोन प्रकारचे लाडू आणि चिवडा एका कडक डब्यात, वजन वेगळं, पॅकिंग वेगळं, भेट म्हणून नेता येईल असं. डबा हातातल्या बॅगेत बसला पाहिजे, तेल गळता कामा नये आणि परगावी पोचेपर्यंत लाडू फुटायला नकोत. आमच्या जाऊबाईंनी हे सगळं वहीच्या मागच्या पानावर डब्याच्या मापासकट काढून ठेवलंय.

मग रस्ते कोणते. स्वतः टेंडर भरून गाळा घेणं हा शेवटचा रस्ता, असं सरांचं म्हणणं आणि हिशोब बघितल्यावर मला ते शंभर टक्के पटलं. त्याआधीचा रस्ता म्हणजे माल पुरवणं. विमानतळावरची खाण्यापिण्याची बरीच दुकानं ट्रॅव्हल फूड सर्व्हिसेससारख्या मोठ्या कंपन्या चालवतात आणि त्यांना प्रादेशिक ब्रँड लागतात, बंगळुरूची हट्टी कापी, चेन्नईकडचं अड्यार आनंद भवन हे असेच त्यांच्या यादीत आहेत. मराठी फराळ त्या यादीत का नसावा हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. माल पुरवण्यात भाड्याचं ओझं आपल्यावर येत नाही आणि उद्यम नोंदणी म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी असेल तर कायद्याने ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत, नाही मिळाले तर छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. उधारीत मेलेले किती धंदे आपण बघितलेत, त्यामुळे हा मुद्दा मला फार मोलाचा वाटला.

बचत गट असेल तर एएआयची अवसर योजना, २०२२ पासूनची. विमानतळावर १०० ते २०० चौरस फूट जागा, गटांना आळीपाळीने १५-१५ दिवस. पण ही एएआय स्वतः चालवते त्या विमानतळांवर, म्हणजे आपल्या राज्यात पुणे, कोल्हापूर वगैरे बघायचं. पंधरा दिवसात कोट्यधीश कोणी होत नाही पण कुठला डबा कुठल्या वेळेला उचलला जातो ते कळतं, आणि पुढे कुणाकडे गेलात तर दाखवायला विक्रीचे खरे आकडे हातात असतात. तेवढंही जमत नसेल तर रेल्वेचं वन स्टेशन वन प्रॉडक्ट, म्हणजे स्टेशनवर स्थानिक मालाचा स्टॉल, सुरुवात तिथून करा.

जेवणानंतरचा अमेरिकेचा भाग काही जणांना कंटाळवाणा वाटला, मागे झोपले पण दोघं तिघं. मला मात्र तो फार महत्त्वाचा वाटला. तिथे केंद्राचा निधी घेणाऱ्या मोठ्या विमानतळांना दुकानांच्या धंद्यात वंचित उद्योजकांचा वाटा किती असावा याचं लक्ष्य ठरवावं लागायचं. मालकाचा हिस्सा किमान ५१ टक्के हवा, धंदा तोच चालवत असायला हवा, वैयक्तिक संपत्तीला वीस लाख डॉलरच्या आसपास मर्यादा. आणि फक्त गाळा घेतला तरच मोजायचे असं नाही, भागीदारीतला हिस्सा, पोटभाड्याचं दुकान, पुरवलेला माल, सगळं त्या लक्ष्यात धरायचे. याची मुळं अटलांटाची, तिथले पहिले कृष्णवर्णीय महापौर मेनार्ड जॅक्सन यांनी सत्तरच्या दशकात विमानतळाच्या कंत्राटांत अल्पसंख्याक उद्योजकांना वाटा मिळालाच पाहिजे असा हट्ट धरला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथला नियम बदलला, वंश किंवा स्त्री असण्यावरून आपोआप वंचित धरणं बंद झालं, आता प्रत्येकाला स्वतःची परिस्थिती कागदाने सिद्ध करावी लागते आणि जुन्या सगळ्या नोंदण्या पुन्हा तपासायला घेतल्या. म्हणजे तिथेही भांडण चालूच आहे. पण निदान विमानतळाला विचारायचा प्रश्न तरी तिथल्या लोकांनी तयार केला, की तुमच्याकडे छोट्यांचा वाटा किती? आपण साडेपाच कोटी प्रवाशांच्या एअरपोर्टला हा प्रश्न विचारायला हवा, आणि चेंबरवाल्यांनी म्हणजे व्यापाऱ्यांच्या संघटनांनी, बचत गटांच्या महासंघांनी एकत्र विचारायला हवा, एकट्या दुकट्याचं कोण ऐकतं.

आता तक्रारी. स्लाइड सगळ्या इंग्रजीत. सर मराठीत बोलत होते म्हणून निभावलं, पण समोर बसलेल्या निम्म्या बायका टेंडरची अट दुसऱ्याकडून वाचून घेत होत्या, स्वतः वाचत नव्हत्या. दुसरं, प्रत्येकाला पंधरा मिनिटं वैयक्तिक मार्गदर्शन असं जाहिरातीत होतं, प्रत्यक्षात जेमतेम पाच मिनिटं मिळाली आणि शेवटच्यांना तीही नाही. हे चुकीचं आहे, लोक कल्याण आणि वसईहून आले होते. तिसरं, शेवटी टेंडर भरून देण्याचं वेगळं पॅकेज विकायला एक मुलगा फिरत होता, दिवसभर सरांनी जे शिकवलं त्याच्या बरोबर उलट, त्याला आवरा. आणि माणसांच्या पासचा विषय घाईत उरकला, खरं तर तो सगळ्यात मोठा त्रास आहे. आत काम करणाऱ्या प्रत्येकाला एअरपोर्ट एंट्री पास लागतो, त्याआधी पोलीस व्हेरिफिकेशन, म्हणजे एक पोरगा सोडून गेला की दुसरा दुसऱ्या दिवशी उभा करता येत नाही. माल पण तपासणी होऊनच आत जातो. यावर निदान एक तास हवा होता. एफएसएसएआयचं म्हणजे खाद्यपदार्थांचं सेंट्रल लायसन्स विमानतळावर लागतं हे सांगितलं, पण आपलं स्टेट लायसन्स असेल तर पुढे नेमकं काय करायचं ते राहूनच गेलं.

माझ्याकडून पाचपैकी चार. ज्यांची महिन्याची विक्री अजून वहीत नीट लिहिलेली नाही त्यांनी आधी सहा महिने ती लिहावी आणि मग जावं, नाहीतर पहिला तास डोक्यावरून जाईल. जाताना उद्यमचं सर्टिफिकेट, फूड लायसन्सची कॉपी आणि विकायचा माल खऱ्या पॅकिंगमध्ये घेऊन जा, नुसते फोटो नेऊ नका, सर हातात घेऊन बघतात. ई-टेंडर करायचंच असेल तर क्लास थ्री डिजिटल सिग्नेचर (ऑनलाइन सही) आधी काढून ठेवा. आमच्या गल्लीतले दोन शेजारी आणि आम्ही मिळून डब्याचा एकच नमुना बनवायला घेतलाय, दिवाळीच्या आत तो पुरवठ्यासाठी दाखवायला नेणार आहोत, कुणाकडे कडक डब्यांचा चांगला छापखाना असेल तर खाली कळवा.