ॲप आमचं, नावावर त्यांचं

तुर्भे एमआयडीसीत आमच्या कंपनीचं गोठवलेल्या मालाचं गोदाम आहे. मटार, आइस्क्रीम, मासळी. इथून टेम्पो ठाणे, पनवेल, भिवंडीपर्यंत जातात. चालक कागदी चलनावर दुकानदाराचा सही-शिक्का घेऊन येतो. ते चलन कधी भिजतं, कधी हरवतं, आणि महिनाअखेरीला अकाउंट्सवाले आमच्या डिस्पॅचच्या नावाने शंख करतात. म्हणून ॲप हवं होतं. चालकांना एक, सेल्सच्या पोरांना एक, दुकानदारांना ऑर्डर टाकायला एक.

बेलापूरहून एक वेंडर आला. नाव लिहीत नाही, प्रकरण अजून मिटलेलं नाही. त्याचं म्हणणं, मोठ्या कंपन्या उगाच वर्षवर्ष ॲप बनवत बसतात. आमच्या प्लॅटफॉर्मवर तयार तुकडे ओढायचे, जोडायचे, की सहा आठवड्यांत तिन्ही ॲप तयार, अँड्रॉइडवरही आणि आयफोनवरही. किंमत 14 लाख, वर 18 टक्के जीएसटी. निम्मे आगाऊ, 40 टक्के चाचणी झाल्यावर, उरलेले ॲप चालू झाल्यावर.

यात अशक्य असं काहीच नाही, म्हणून तर माणूस फसतो. एकच कोड लिहून दोन्ही फोनवर चालवणं आता सर्रास चालतं. त्यासाठीचं फेसबुकचं साधन रिॲक्ट नेटिव्ह 2015 पासून आहे, गूगलच्या तशाच फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती 2018 च्या डिसेंबरात आली. स्क्रीन काढणं खरंच सोपं झालंय. घाम निघतो तो जुन्या ईआरपीतला, म्हणजे कंपनीचा हिशोब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला, साठा ॲपला जोडताना, कोणाला काय दिसावं हे ठरवताना आणि रेंज नसताना काम चालू ठेवताना. रेंजचा मुद्दा आम्ही मागणीपत्रात ठळक अक्षरात घातला होता. उत्तर आलं, "सर, ऑफलाइन तर इनबिल्टच आहे."

चाचणी त्यांच्याच कॉन्फरन्स रूममध्ये झाली. वायफाय जोरात, चहा-बिस्किटं, लोण्यासारखं सरकणारं ॲप. साहेब खूश, दुसऱ्या हप्त्याचा चेक गेला.

मग फोन गोदामात आले. आमच्या कोल्ड रूममध्ये उणे 18 तापमान असतं आणि भिंती जाड पफ पॅनेलच्या (फोम भरलेल्या पत्र्याच्या), आत गेलं की रेंज शून्य. आमचे लोडिंगचे काका हातमोजा काढून बोटाने खोक्यांची संख्या टाकत होते. 'सेव्ह' दाबलं आणि पडद्यावर आलं: वेबपेज उपलब्ध नाही. खाली बारीक अक्षरात एक लांबलचक पत्ता. त्या पत्त्यात आमच्या कंपनीचं नाव कुठेच नव्हतं. भलत्याच एका डोमेनचं नाव, पुढे 'डेमो' आणि एक आकडा.

म्हणजे ॲप असं काही नव्हतंच. एक भाड्याची वेबसाइट ॲपच्या खोळीत घालून दिली होती. ऑफलाइन चालायला फोनवर माहिती साठवावी लागते, रेंज आली की ती सर्व्हरला पाठवावी लागते, दोघांनी एकच नोंद बदलली असेल तर कोणाची धरायची ते ठरवावं लागतं. यातलं काहीही तिथे नव्हतं. त्याच आठवड्यात डॉकवर माल भरायला आलेला बाहेरचा ट्रान्सपोर्टवाला फोनकडे बघून म्हणाला, "दादा, हे आमच्याकडंपण हाय, फक्त आमचं लाल रंगाचं हाय." काकांनी त्याला चहा पाजला आणि फोटो काढून मला पाठवला. बटणांची जागा, चिन्हं, इतकंच काय एका शब्दातली शुद्धलेखनाची चूकही तीच.

आयफोनची गंमत वेगळीच. ॲपलच्या नियमाप्रमाणे तयार साच्यातून काढलेलं ॲप ज्याचा धंदा त्यानेच स्वतःच्या खात्यातून पाठवायचं असतं. त्या खात्याचं शुल्क वर्षाला 99 डॉलर. आमच्यासाठी कुणी ते उघडलंच नाही. त्याऐवजी एक लिंक आली आणि सेटिंगमध्ये जाऊन 'या डेव्हलपरवर विश्वास ठेवा' असं दाबायला लावलं. तो मार्ग ॲपलच्या एंटरप्राइझ कार्यक्रमाचा. वर्षाला 299 डॉलर, आणि फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी. यांनी आपल्या प्रमाणपत्रावर, म्हणजे ॲपलने दिलेल्या डिजिटल परवान्यावर, आमच्या सेल्सच्या पोरांना आणि वर दुकानदारांनाही ॲप वाटलं. 2019 च्या जानेवारीत याच कारणावरून ॲपलने खुद्द फेसबुक आणि गूगलची प्रमाणपत्रं काही काळ बंद केली होती, तिथे आपलं काय. एका सकाळी एकाही आयफोनवर ॲप उघडेना.

आता खरी मेख. साहेब म्हणाले, सोर्स कोड द्या, प्ले स्टोअरवरचं ॲप आमच्या खात्यात वळवा, पुढचं आमचं आम्ही बघू. प्ले स्टोअरवर प्रकाशक म्हणून त्यांचं नाव होतं, पॅकेजचं नाव, म्हणजे स्टोअरमधली ॲपची ओळख, तीही त्यांच्याच डोमेनवरून. वेंडरचं उत्तर ईमेलवर आलं: हस्तांतरण शुल्क 6 लाख. गूगलचं खातं उघडायला एकदाच 25 डॉलर लागतात आणि ॲप एका खात्यातून दुसऱ्यात नेण्याची सोय गूगलनेच दिलेली आहे, पण ज्याच्या खात्यात ॲप आहे त्याने विनंती केल्याशिवाय ते हलत नाही. पॅकेजचं नाव एकदा प्रकाशित झालं की बदलताही येत नाही. मग नवीन नावाने नवं ॲप काढा आणि प्रत्येक दुकानदाराला जुनं काढून नवं टाकायला सांगत फिरा.

वकिलांनी पीओ, म्हणजे आमची खरेदी ऑर्डर, वाचली आणि मान हलवली. 'ॲप विकसित करून देणे' एवढंच लिहिलेलं. कॉपीराइट कायदा 1957 प्रमाणे पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड मालकाचा असतो. बाहेरच्या कंत्राटदाराने लिहिलेला त्याचाच राहतो, तुम्ही पूर्ण पैसे मोजले असले तरी. तो आपल्या नावावर यायला सहीचा लेखी करार लागतो. त्यातही कलम 19 असं की मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं धरायची आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हे कलम वेंडरला तोंडपाठ होतं. त्याच्या ईमेलमध्ये आकड्यासकट होतं.

तिकडे अकाउंट्सच्या ताईंना आणखी एक सापडलं. दुसऱ्या हप्त्याचं बिल जीएसटीआर-2बी मध्ये, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या जीएसटी यादीत, दिसतच नव्हतं. म्हणजे आमच्याकडून घेतलेल्या 18 टक्क्यांचं विवरण त्यांनी भरलं नव्हतं, आणि ते भरेपर्यंत आम्हाला त्या कराची वजावट (क्रेडिट) नाही.

पोलिसांत गेलो, तर हा दिवाणी मामला आहे असं ऐकावं लागलं. 1 जुलै 2024 पासून 420 च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आलंय, पण सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू होता हे दाखवावं लागतं आणि 'अर्धवट काम' म्हटलं की तो मुद्दाच सैल पडतो. 3 लाखांच्या वरचा वाद असल्याने व्यावसायिक न्यायालयाचा रस्ता आहे. तिथे तातडीचा दिलासा मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची, म्हणून ठाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला. समोरची बाजू फिरकलीच नाही. 'नॉन-स्टार्टर', म्हणजे मध्यस्थी सुरूच झाली नाही, असा अहवाल मिळालाय, आता दावा.

दरम्यान दुसऱ्या माणसाकडून काम सुरू केलंय. दोन्ही स्टोअरची खाती आमच्या कंपनीच्या नावावर, पासवर्ड आमच्याकडे. कोड दर आठवड्याला आमच्याच खात्यात येतो, आला नाही तर त्या आठवड्याचं बिल पास होत नाही. कोडची मालकी कायमची आणि जगभरासाठी, असं करारात शब्दाने लिहिलंय. चाचणी थेट कोल्ड रूममध्ये, दार लावून.

आणि हे आत्ता लिहिण्याचं कारण. तळोज्याच्या एका कारखान्यात माझा मित्र खरेदी बघतो. गेल्या महिन्यात त्याच्याकडे वेगळ्याच नावाची कंपनी आली. माहितीपत्रकातल्या स्क्रीन ओळखीच्या वाटल्या म्हणून त्याने मला फोटो पाठवला. शुद्धलेखनाची तीच चूक. मी त्याला एवढंच सांगितलं, डेमो चालू असताना फोन हातात घे आणि एअरप्लेन मोड लाव. त्याने लावला. सेल्सवाला म्हणाला, "सर, सर्व्हरवर अपडेट चालू आहे," आणि फोन परत मागून घेतला.